८० हजार हरकती, १४ मतं : आरेच्या आंदोलनात समाजमाध्यमांनी नेमकं काय केलं?

२९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आरे कॉलनीतल्या २,६४६ झाडांचा प्रस्ताव आला. २,१८५ झाडं तोडायची आणि ४६१ उपटून दुसरीकडे लावायची, मेट्रो-३ च्या कारशेडला जागा मोकळी करण्यासाठी. त्याआधी या प्रस्तावावर नागरिकांच्या ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. त्यातला मोठा भाग ऑनलाइन आलेला होता. बैठकीत मतदान झालं आणि प्रस्ताव ८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. बाजूने मत दिलेल्यांत प्राधिकरणावरचे तज्ज्ञही होते. त्यातल्या दोघांनी पुढच्या काही दिवसांत राजीनामे दिले, पण ठराव तोवर झाला होता.

एका बाजूला ८० हजार हरकती, दुसऱ्या बाजूला १४ हात. समाजमाध्यमांमुळे आंदोलनं यशस्वी होतात की नाही, या वादात लोक बहुधा अरब उठावांच्या ट्युनिसिया आणि कैरोपर्यंत जाऊन येतात. आपल्या गोरेगावचं प्रकरण त्याहून जास्त शिकवतं, कारण ते संपलं आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा तारखेनिशी तपासता येतो. शिवाय ते सोयीचं नाही. आंदोलन जिंकलं असंही म्हणता येत नाही आणि नुसतंच हरलं असंही नाही.

फोनच्या आधीचं आरे

आरे दुग्ध वसाहत १९४९ साली सुरू झाली. मुंबईतले गोठे शहराबाहेर नेऊन लोकांना चांगलं दूध मिळावं, ही मूळ कल्पना. तीन हजार एकरांहून मोठा हा टापू संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. त्यात बिबटे फिरतात, आणि ज्याच्या शास्त्रीय नावातच आरे आहे असा लायकस आरेएन्सिस हा विंचूही इथलाच. २७ आदिवासी पाडे आहेत, वस्ती मुख्यतः वारल्यांची. जमीन सरकारची, दुग्धविकास खात्याकडची. त्यामुळे हे 'जंगल' आहे की नाही, हा सगळ्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न. कागदावर ते जंगल नव्हतं आणि डोळ्यांना मात्र ते तसंच दिसत होतं.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो-३ ची मार्गिका ३३.५ किलोमीटरची, जवळजवळ सगळी भुयारी. एवढ्या गाड्या रात्री उभ्या कुठे करायच्या, धुवायच्या-तपासायच्या कुठे, याचं उत्तर आरेतली सुमारे ३३ हेक्टर जमीन असं ठरलं. २०१४ च्या अखेरीला झाडं तोडण्याची नोटीस निघाली, तेव्हा आकडा २,२९८ चा होता, आणि तिथून विरोध सुरू झाला. २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे कांजूरमार्गचा पर्यायही चर्चेला आला.

पुढची चारपाच वर्षं हे आंदोलन मुख्यतः कागदावर चाललं, हे इथे ठळकपणे सांगायला हवं, कारण नंतरच्या गोंगाटात ते पुसलं गेलं. माहिती अधिकाराचे अर्ज, विकास आराखड्याचे नकाशे, हरित लवादातली वनशक्ती संस्थेची लढाई, उच्च न्यायालयातल्या याचिका. ही जागा मिठी नदीच्या काठची पूरभूमी आहे हा मुद्दा, आणि पाड्यांवरच्या माणसांच्या वहिवाटीचा मुद्दा. हे सगळं करणारी माणसं मूठभर होती. फेसबुकवर पान होतं, आरेत फेरफटके होत होते, फुलपाखरांचे नि कोळ्यांचे फोटो टाकले जात होते. वाचणारे मुख्यतः आधीच पटलेले लोक.

बटण दाबून आलेली हरकत

शहरातली झाडं तोडण्याबाबत महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. झाडं तोडायची तर सूचना प्रसिद्ध करायची, हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा. पूर्वी अशी सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात यायची आणि हरकत घ्यायला माणसाला वॉर्ड ऑफिसची वाट धरावी लागायची. येऊन येऊन किती येणार? २०१८-१९ मध्ये हे गणित उलटलं. मोहिमेच्या संकेतस्थळावर मजकूर तयार, आपलं नाव टाकायचं, बटण दाबायचं, मेल थेट पालिकेच्या पत्त्यावर. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, योगवर्गाच्या ग्रुपवर. ज्यांनी जन्मात कधी पालिकेला पत्र लिहिलं नव्हतं त्यांनी ते दोन मिनिटांत लिहिलं.

याला 'आळशांचं आंदोलन' म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. प्रशासनाने नागरिकाला हरकत घेण्याचा जो अधिकार दिला होता, तो पहिल्यांदाच नागरिकाच्या हाताशी आला, यात आळस कुठला? अडचण वेगळीच होती. कायद्यात हरकतींची मोजणी नाही, विचार आहे, आणि विचार केल्याची नोंद इतिवृत्तात एका ओळीतही होते. ८० हजार मेलांचा मजकूर बव्हंशी एकच असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी मुद्देही तेवढेच, पाच-सात. संख्येचं वजन वर्तमानपत्राच्या मथळ्यात पडतं. प्राधिकरणाच्या टेबलावर त्याची किंमत उरते ती सदस्य राजकीयदृष्ट्या किती घाबरतो तेवढीच. शिवसेना घाबरली (किंवा तिला पटलं, तुम्हाला हवं ते म्हणा) आणि तिचे सदस्य विरोधात गेले. बाकीचे नाही घाबरले.

तरी या मेलांचा धाक कुणाला कसा वाटू शकतो याचं उदाहरण लगेच पुढच्या वर्षी दिसलं. २०२० मध्ये पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्याकडे अशाच मेलांचा पाऊस पडला. मोहीम चालवणाऱ्या फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया या तरुणांच्या गटाच्या संकेतस्थळाबाबत दिल्ली पोलिसांनी जी नोटीस काढली, तिच्यात थेट यूएपीएचं कलम होतं. दहशतवादविरोधी कायदा, मेलांसाठी! नंतर ते चुकून लागल्याचं सांगून नोटीस मागे घेतली गेली.

समोरचाही ट्विट करतो

सप्टेंबर २०१९ मध्ये आरे घरोघर पोचलं. दर रविवारी पिकनिक पॉइंटपाशी मानवी साखळी, हातात रंगवलेले पुठ्ठे, पावसात भिजलेली कॉलेजची मुलं आणि कडेवर पोरं घेतलेले आईबाप. श्रद्धा कपूर तिथे जाऊन उभी राहिली. लता मंगेशकर यांनी ट्विट करून झाडतोडीला विरोध दर्शवला. अमिताभ बच्चन यांनी मेट्रोचं कौतुक करणारं ट्विट केलं, तर विद्यार्थी फलक घेऊन जुहूत त्यांच्या बंगल्यासमोर गेले. एका ट्विटला रस्त्यावर जाऊन उत्तर द्यायचं, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणाला सुचलीही नसती.

पण या प्रकरणातला खरा लक्षात घेण्यासारखा भाग आंदोलकांच्या बाजूला नाही. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन स्वतः ट्विटरवर तितक्याच तयारीने उतरलं होतं. व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे आपल्या हँडलवरून मुद्द्याला मुद्दा, आकड्याला आकडा देत होत्या. कार्बनचं गणित, लोकलमधून पडून जाणारे जीव, २० हजारांहून अधिक रोपं लावल्याचा दावा. सरकारी अधिकारी गप्प बसतो आणि कार्यकर्ते बोलतात, ही आपल्याकडची जुनी रीत. इथे एक आयएएस अधिकारी रोज वाद घालत होत्या आणि अनेकदा वरचढ ठरत होत्या. समाजमाध्यम हे दुबळ्याचं हत्यार आहे, असं जे गृहीत धरलं जातं ते मुंबईत तरी तेव्हाच मोडलं. ज्याच्याकडे आकडे, आलेख काढून देणारी माणसं आणि पगारी वेळ आहे, त्याला हे हत्यार जास्त सोपं जातं.

आणखी एक गोष्ट. हा वाद इंग्रजीत झाला. मराठीत आणि हिंदीत फिरले ते फॉरवर्ड, आणि फॉरवर्डमध्ये झाड मावतं. तोडलेल्या बुंध्याचा फोटो, बिबट्याचा फोटो, 'मुंबईचं फुप्फुस' हे शब्द. प्रजापूरपाड्यावरच्या कुटुंबाकडे जमिनीचा कुठला कागद आहे आणि कुठला नाही, पुनर्वसन म्हणजे जंगलाकाठचं घर जाऊन इमारतीतली खोली, हे मावत नाही. पाड्यांवरची माणसं आंदोलनात पहिल्यापासून होती, पुढे होती, पण फोनच्या पडद्यावर ती बहुधा झाडांच्या मागे राहिली. हा दोष कुणा एकाचा नाही. जे पटकन कळतं तेच पुढे सरकतं. त्याची किंमत मात्र नंतर मोजावी लागली.

४ ऑक्टोबर

शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने आरेसंबंधीच्या चारही याचिका फेटाळल्या. हाच विषय सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवादापुढे असल्याने इथे दिलासा देता येणार नाही, असा एकूण सूर. शिवसेनेचे नगरसेवक यशवंत जाधव स्वतः वृक्ष प्राधिकरणाचे सदस्य. त्यांची याचिका तर ५० हजारांच्या दंडासह गेली.

त्याच संध्याकाळी झाडं पडायला लागली.

दिवसभरात अपील करायला, निदान वरच्या न्यायालयाच्या दारात जायला वेळ मिळेल असं धरून चाललेले लोक घरी पोचत होते तोवर फोनवर व्हिडिओ आले. अंधार, यांत्रिक करवतींचा आवाज, बॅटरीच्या उजेडात आडवी खोडं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये २५६ माणसंच मावायची आणि एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता यायचा. २०१८ मधल्या मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनंतर आलेलं बंधन. तरी काही तासांत शेकडो माणसं आरेत पोचली. पक्षाचा आदेश नाही, गाड्या नाहीत, जेवणाची पाकिटं नाहीत. गोरेगाव, अंधेरी, पवई, जिथून जो निघाला तो रिक्षा पकडून आला. मुंबईत मोर्चा म्हणजे आझाद मैदान, परवानगी, झेंडे आणि भाषणं हे समीकरण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं नवल कळेल.

मात्र या वेगाचं कौतुक करताना एक बाब सहसा सुटते. करवतीवाल्यांनाही तोच वेग उपलब्ध होता. निकाल लागल्यापासून झाडं पडेपर्यंत काही तास गेले आणि झाडं पडल्यापासून माणसं जमेपर्यंतही काही तासच. म्हणजे फोनने आंदोलनाला जी आघाडी मिळवून द्यायची ती मिळालीच नाही. माणसं पोचली ती घटनेच्या मागोमाग. कंत्राटदाराची माणसं आणि पोलीस बंदोबस्त हे रातोरात उभं राहत नसतं. ती तयारी निकालाआधीची असणार. तसली तयारी ट्रेंडमधून होत नाही. तिला निकालाच्या दिवशी दुपारी जागेवर उभी असलेली माणसं लागतात, आणि वकिलाच्या हातात आदल्या दिवशीच टाइप केलेला स्थगितीचा अर्ज लागतो.

५ तारखेला आरेत जमावबंदी लागली, रस्ते अडवले गेले. ३८ जणांवर गुन्हे दाखल झाले, २९ जणांना अटक झाली. सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम ३५३ त्यात होतंच. कित्येक जण विद्यार्थी. शिवसेनेच्या प्रियंका चतुर्वेदींना पोलिसांनी ताब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी प्रकाश आंबेडकरांनाही. शिवसेना त्या वेळी राज्याच्या सत्तेत होती, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या नेत्या आपल्याच सरकारच्या पोलिसांकडून ताब्यात! ६ तारखेला रविवारी सुट्टीच्या न्यायालयाने २९ जणांना प्रत्येकी ७ हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन दिला, पुन्हा अशा आंदोलनात भाग न घेण्याच्या अटीवर.

पंधरा दिवसांचा घोळ

त्या दोन रात्रींत सगळ्यात जास्त फिरलेला दावा होता : प्राधिकरणाने परवानगी दिल्यावर पंधरा दिवस थांबावं लागतं, तेव्हा ही तोड सरळ बेकायदा आहे. लोक तो ठामपणे सांगत होते, पोलिसांनाही तोंडावर सांगत होते. भिडे यांनी ट्विट करून हा खोटा प्रचार असल्याचं म्हटलं. आदेश १३ सप्टेंबरचा, पंधरा दिवस २८ सप्टेंबरला संपले, त्यानंतर आम्ही केवळ न्यायालयाच्या निकालासाठी थांबलो होतो, असं त्यांचं म्हणणं. आंदोलकांचं म्हणणं असं की आदेश लोकांना पाहायला मिळाला तो ४ ऑक्टोबरला, तेव्हा दिवस तिथून मोजा.

वाद कायद्याच्या एका पोटकलमाचा, तारीख कुठून धरायची एवढाच. दोन्ही बाजूंना आपापलं वाचन होतं. पण फॉरवर्डमध्ये उतरताना त्यातला वाद गळून गेला आणि 'बेकायदा' हा एकच शब्द उरला. समोरून तारखा आल्या तेव्हा ज्यांनी तो शब्द पुढे पाठवला होता त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. १३ सप्टेंबरचा आदेश तेव्हाच मिळवून, त्याचा फोटो ग्रुपवर टाकून, 'उलटी गिनती आजपासून' एवढं जरी लिहिलं गेलं असतं तरी २८ तारखेनंतर काय होऊ शकतं याचा अंदाज सगळ्यांना आला असता. माहिती पसरवण्याचं साधन हातात होतं. पसरवायची माहिती मिळवणं हे मात्र पुन्हा कागदाचं, पालिकेत खेटे घालण्याचं काम.

एक पत्र

६ ऑक्टोबरला विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीश रंजन गोगोई यांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी होती. तरी पत्रालाच याचिका मानून ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांचं विशेष पीठ बसलं. यापुढे झाड तोडणार नाही असं राज्य सरकारने सांगितलं, न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला. जी झाडं तोडायची गरज होती ती तोडून झाली आहेत, हेही सरकारच्याच बाजूने सांगितलं गेलं. कॉर्पोरेशनने आकडा जाहीर केला : २,१४१.

या पत्रामागे कुठली संघटना, कुठला मोठा वकील नव्हता. ४ ते ६ तारखेचा गदारोळ नसता तर असलं पत्र सुट्टीत कुणी उघडलं असतं का, याची मला शंका आहे. इथे समाजमाध्यमांना त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. तीन दिवसांच्या त्या आवाजाने न्यायालयाची सुट्टी मोडली. उशीर झाला होता, पण २९ जणांची सुटका, पुढची तोड थांबणं आणि नंतरच्या तीन वर्षांचा 'जैसे थे' हे सगळं त्यातून आलं.

पहिला निर्णय

२१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. आरे ज्या भागात येतं त्या जोगेश्वरी पूर्वमधून शिवसेनेचे रवींद्र वायकर पुन्हा निवडून आले. आरेच्या हॅशटॅगमुळे मतपेटीत उलथापालथ झाली असं म्हणायला जागा नाही. पण निकालानंतर मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली, २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. पाठोपाठ आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा.

नव्या मुख्यमंत्र्याकडे फायलींचा ढीग असतो. त्यातून पहिल्याच दिवशी आरेचीच फाइल का वर आली? कारण ती आधीच प्रतीक झालेली होती. कुणालाही समजावून सांगायला लागत नव्हती, सही केली की बातमी तयार. फोनवरच्या दोन महिन्यांनी हे घडवलं : भूखंड, पूररेषा, गाड्या उभ्या करायच्या मार्गिका, पाड्यांचे हक्क अशी गुंतागुंतीची बाब एका शब्दात बसवली आणि तो शब्द राजकारणाच्या हाती दिला.

प्रतीकाचं दुसरं टोकही लवकरच दिसलं. डिसेंबर २०१९ मध्येच अमृता फडणवीस यांनी औरंगाबादेत बाळासाहेब ठाकरे स्मारकासाठी झाडं तोडण्याच्या बातमीवरून ट्विटरवर शिवसेनेला दांभिक ठरवलं. झाड आता पक्षांच्या भांडणात फेकायचा दगड झालं होतं. ११ ऑक्टोबर २०२० ला ठाकरे यांनी कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा केली, आरेतली ८०० एकरांहून अधिक जमीन वनासाठी राखीव ठरली. केंद्राने कांजूरच्या मिठागरांच्या जमिनीवर हक्क सांगितला आणि १६ डिसेंबरला उच्च न्यायालयाने तिथल्या कामाला स्थगिती दिली. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारच्या अगदी पहिल्या निर्णयांत काय होतं? कारशेड परत आरेत. माझ्यावरचा राग मुंबईवर काढू नका, असं उद्धव ठाकरे म्हणाले ते यावरच.

ज्या झटक्यात एका सरकारने थांबवलं त्याच झटक्यात दुसऱ्याने सुरू केलं. प्रश्न तपशिलात लढला गेला असता तर तो इतक्या सहज इकडून तिकडे फिरवता आला नसता. प्रतीक उचलायला हलकं असतं, ठेवून द्यायलाही. पाड्यांना वनहक्क मिळाले असते, तर ते एका सहीने परत घेणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं.

इथे मुंबईतच झालेल्या दुसऱ्या एका आंदोलनाशी ताडून पाहणं उपयोगाचं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च सहा दिवसांत मुंबईत पोचला. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेतकरी रात्रीतून चालत आझाद मैदानावर आले. फाटलेल्या टाचांचे फोटो फोनाफोनांवर गेले, रस्त्यात लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे राहिले. म्हणजे इथेही चित्राने काम केलं. फरक असा की चित्राच्या मागे किसान सभा होती, गावोगावच्या शाखा होत्या, आणि मुख्यमंत्र्यांपुढे ठेवायला मागण्यांची यादी होती, त्यात वनहक्कांचे दावे ठरावीक मुदतीत निकाली काढण्याची मागणी होती. सरकारने मान्य केलं ते लेखी केलं. त्या लेखी आश्वासनांचं पुढे पुरतं सोनं झालं नाही, म्हणून मोर्चे पुन्हा निघाले. पण निघताना मागच्या वेळचा कागद हातात होता. आरेच्या गर्दीला वाटाघाटीला बसवायला असं कुणी नव्हतं आणि तिने तसं कुणी नेमलंही नाही. मूठभरांची कायदेशीर लढाई एकीकडे आणि हजारोंची गर्दी दुसरीकडे, यांच्यामध्ये पूल असा नव्हता, ग्रुप होते.

दुसरी फेरी

जुलै २०२२ मध्ये पुन्हा रविवार, पुन्हा पिकनिक पॉइंट. हॅशटॅगही तोच. आदित्य ठाकरे आले तेव्हा मुलांना आंदोलनात वापरल्याची तक्रार राष्ट्रीय बालहक्क आयोगापर्यंत गेली आणि आयोगाने मुंबई पोलिसांना गुन्हा नोंदवायला सांगितलं. २०१९ ची ती धग मात्र परत आली नाही. झाडं पडून झाली होती, शेडचा मोठा भाग उभा होता, आणि नवीन फोटो काढायला फार काही उरलं नव्हतं. शिवाय विरोध करणारा पक्ष आता विरोधातच बसलेला होता. त्याच्या ट्विटचं नवल कुणाला वाटणार?

लढाई पुन्हा मूठभरांच्या हातात आली आणि तिथेच ती सर्वात नेमकी झाली. २९ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पोरेशनला ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये पालिकेची जाहीर सूचना आली, तिच्यात झाडं १७७. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली, तीच ती बारीक टायपातली सूचना. ती वाचून, ८४ आणि १७७ शेजारी शेजारी मांडून प्रकरण परत न्यायालयात नेण्यात आलं. १७ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशाच्या पलीकडे गेल्याबद्दल कॉर्पोरेशनला १० लाखांचा दंड केला, रक्कम वनखात्याकडे भरायची. त्याच आदेशात, प्रकल्प आता अडवणं लोकहिताचं ठरणार नाही असं सांगून, १७७ झाडं काढायला परवानगीही दिली. मेट्रो-३ च्या आरे ते बीकेसी या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं.